सदर नसलेले राज्य

सदर म्हटले की मराठी माणसाला वाड्याची सदर आठवते. तेथे बसून धनी निवाडा करतो आणि तेथूनच हुकूम सुटतात. जबलपूरचे सदर मात्र छावणीचा बाजार आहे. याच शहरात सैन्याचे संदेशवाहक जवान तयार होतात. १९४२ साली सुरू झालेली, आज डॉ. आंबेडकरांचे नाव धारण करणारी दूरसंचार प्रशिक्षण संस्थाही येथेच आहे.

जुन्या दूरध्वनीच्या जाळ्यालाही एक सदर असे. प्रत्येक बोलणे मध्यवर्ती केंद्रातून जाई. केंद्र कोसळले की सारा मुलूख मुका. १९६४ साली पॉल बॅरन या अमेरिकन अभियंत्याने केंद्रावाचून चालणाऱ्या जाळ्याची कल्पना सविस्तर मांडली. परंतु धनीच नसेल, तर संदेशाला जवळची वाट कोणी दाखवावी?

उत्तर मुंग्यांपाशी होते. १९८९ साली ब्रुसेल्सच्या संशोधकांनी वारूळ आणि अन्न यांच्या दरम्यान एक आखूड व एक लांब अशा दोन वाटा ठेवल्या. आखूड वाटेने गेलेल्या मुंग्या लवकर परतल्या. तेथे गंध आधी दाटला आणि मागच्या मुंग्या त्याच वाटेस लागल्या. मार्को दोरिगो यांनी १९९२ च्या आपल्या प्रबंधात यावरून गणिताची रीत बसवली. १९९८ साली त्यांनी जान्नी दी कारो यांच्यासह ती संदेशजालास लावली. लहान लहान टेहळे संदेश जाळ्यात हिंडतात, लागलेला वेळ मोजतात आणि परतताना प्रत्येक नाक्यावर त्याची नोंद सुधारतात.

या रीतीचे मर्म गंधाच्या विरण्यात आहे. जुना गंध विरला नाही, तर बंद पडलेल्या वाटेवरही रांग चालूच राहील. आम्हा कचेरीतल्या मंडळींना हे वेगळे सांगावयास नको!

२२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपाने हादरले. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. सदरमधील आम्ही सारे रस्त्यावर आलो. कोण कोठे आहे, कोणाला लागले, हे कोणाच्याही हुकुमावाचून एका तोंडून दुसऱ्या तोंडी पोहोचत होते. तेही केंद्रावाचून चाललेले जाळेच होते.

तरीही एक भेद विसरता येत नाही. वाट चुकली तर जाब विचारण्यास मुंग्यांच्या राज्यात कोणी नसते. संदेशाने आपली वाट खुशाल आपण शोधावी. न्यायासाठी मात्र माणसाला सदर हवीच, आणि तिच्यावर उत्तर देणारा कोणीतरी बसलेला हवा.