खांदा, पोते आणि आघात-तरंग

१/ खांदेदुखीवरील ‘शॉकवेव्ह’ उपचाराचे मूळ पावसाच्या थेंबात आहे. विमानावर आदळणाऱ्या थेंबाच्या अभ्यासातून मुतखडा फोडणारे यंत्र निघाले आणि त्याच घराण्यातील एक छोटे यंत्र आज मराठवाड्यातील शहरांमध्येही खांद्यावर टेकवले जाते. हा धागा त्या तरंगाच्या प्रवासाविषयी आहे. आणि ज्या खांद्यावर तो येऊन पोहोचला, त्या खांद्यावरील ओझ्याविषयीही.

२/ आरंभ जालन्यापासून. कुंडलिकेकाठचे हे गाव निजामी राज्यातील व्यापाराचे मोठे ठाणे होते. १९०० च्या सुमारास मनमाड–हैदराबाद लोहमार्ग येथून गेला आणि कापूस व धान्याच्या उलाढालीला वेग आला. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही ऐकू येते. पुढे १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. बियाणे, मोसंबी आणि लोखंडी सळया ही त्याची आजची ओळख.

३/ या साऱ्या मालाला एक गोष्ट समान आहे : तो कोणीतरी उचलावा लागतो. मोंढ्यात गाडीतून पोते उतरवणे, काट्यावर ठेवणे, पुन्हा उचलून थप्पी लावणे, मग मालमोटारीत भरणे. ‘हमाल’ हा शब्दच अरबीतील ‘वाहणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. ‘माथाडी’ हा माथ्यावरून. श्रमाला नाव मिळाले ते शरीराच्या ज्या भागावर ओझे येते त्यावरून.

४/ थप्पी जसजशी उंच होते तसतसा हात खांद्याच्या वर जातो. खांद्याच्या सांध्यात दंडाच्या हाडाचा मोठा गोळा अगदी उथळ खोबणीत बसलेला असतो. त्याला जागेवर धरून ठेवतात चार स्नायू आणि त्यांच्या कंडरा. यांनाच ‘रोटेटर कफ’ म्हणतात. हात वर गेला की यांतील वरची कंडरा हाडाच्या छताखालील अरुंद जागेतून सरकते. वर्षानुवर्षांच्या ओझ्याने व वयोमानाने ती झिजते, कधी फाटते. काहींच्या कंडरेत चुन्यासारखे कॅल्शियमही साठते.

५/ हे दुखणे प्राचीनांना परिचित होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये ‘अवबाहुक’ येतो : खांद्याचे बंध कोरडे पडतात, शिरा आखडतात आणि हात हलेनासा होतो. चिकित्सास्थानात निखळलेला खांदा बसवण्याची रीत आहे. काखेत मुसळ घालून ती वर उचलावी आणि सांधा जागेवर आला की स्वस्तिकाकार पट्टा बांधावा. कांडणाचे मुसळ हेच तेव्हाचे शल्यसाधन होते.

६/ खांदा बळकट करण्याची देशी विद्या तालमीत वाढली. समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये याच जिल्ह्यातील जांब येथे झाला. महाराष्ट्रातील बलोपासनेची परंपरा आपले नाते त्यांच्याशी जोडते. तालमीतील मुद्गल मात्र सातासमुद्रापार गेला. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो येथे पाहिला. १८३४ मध्ये लंडनला निघालेल्या डोनाल्ड वॉकर यांच्या व्यायामग्रंथात ‘इंडियन क्लब्ज’ आले.

७/ मुद्गल फिरवणे १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये स्पर्धेचा प्रकार होते. वजन हळूहळू वाढवत खांदा सर्व दिशांनी फिरवणे हे त्याचे तत्त्व. आजचे फिजिओथेरपिस्ट दुखऱ्या खांद्यासाठी जे व्यायाम सांगतात, त्यांतही वजन क्रमाक्रमाने वाढवण्याचा हाच विचार असतो. पुढे तरंगांचा हिशेब मांडताना ही बाब ध्यानात ठेवावी लागेल.

८/ आधुनिक काळात खांद्याचा सर्वांत चिकाटीचा अभ्यासक म्हणजे बोस्टनचे शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव त्यांनी रूढ केले. १९३४ मध्ये त्यांचा ‘द शोल्डर’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचा दुसरा आग्रह अधिक मोलाचा होता : प्रत्येक रुग्णाचा वर्षभराने पुन्हा शोध घ्यावा आणि उपचाराने अखेर काय साधले ते नोंदवावे. या हट्टापायी ते सहकाऱ्यांना नकोसे झाले.

९/ आता विमानाकडे. जर्मनीत कॉन्स्टन्स सरोवराकाठच्या फ्रीड्रिक्सहाफेन येथे डॉर्निए ही विमान कंपनी होती. ध्वनीहून वेगाने जाणारे विमान पावसात शिरले की साध्या थेंबांनी त्याच्या पृष्ठभागाला खड्डे पडत. आघाताच्या क्षणी वस्तूच्या आत दाबाची एक तीव्र लाट शिरे आणि आतल्या भागातही इजा करी. हीच लाट म्हणजे आघात-तरंग. अभियंते प्रयोगशाळेत वेगवान गोळ्या आदळवून तिचा अभ्यास करू लागले.

१०/ १९६६ मध्ये एका प्रयोगात गोळी आदळण्याच्या नेमक्या क्षणी एका अभियंत्याचा हात लक्ष्याला लागला. त्याला विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. मोजमाप केले तेव्हा वीज कुठेच आढळली नाही. तरंग हातातून शरीरात गेला होता आणि त्वचेवर खूणही नव्हती. ‘शॉक’ शब्द ऐकून आजही अनेक रुग्णांना विजेची भीती वाटते. तो गैरसमज या तंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे.

११/ त्वचेला न दुखावता आत जाणारी शक्ती सापडली होती. प्रश्न होता तिचा उपयोग काय. उत्तर मिळाले मुतखड्यात. मऊ ऊती बऱ्याच अंशी पाण्यासारख्या असल्याने तरंग त्यांतून पार होतो आणि कठीण खड्याशी अडून आपली शक्ती तेथे सोडतो. म्युनिक येथे ख्रिस्टियन शोसी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या रुग्णावर हा उपचार केला. यंत्राचे नाव ‘एचएम-१’.

१२/ रुग्णाला पाण्याने भरलेल्या टबमध्ये ठेवत, पाण्याखाली ठिणगी पाडत आणि निघालेला तरंग एका पोकळ परावर्तकाने खड्यावर केंद्रित करत. जेथे पूर्वी कूस चिरावी लागे तेथे खडा चुरा होऊन लघवीवाटे बाहेर पडू लागला. काही वर्षांतच हे तंत्र जगभर पसरले. युद्धविमानांच्या काळजीतून निघालेल्या ज्ञानाने लाखो माणसांना शस्त्रक्रियेपासून वाचवले, हे विसाव्या शतकातील एक सुखद वळण.

१३/ मुतखड्याकडून हाडाकडे वाट वळली ती निरीक्षणामुळे. १९८० च्या दशकातील प्राण्यांवरील प्रयोगांत तरंग लागलेल्या हाडात नवी वाढ दिसली. १९९१ मध्ये बल्गेरियातील वाल्चानोव्ह आणि मिखायलोव्ह यांनी न जुळणाऱ्या अस्थिभंगांवर तरंगांचा वापर करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९९३ पर्यंत जर्मन अस्थिशल्यविशारद खांद्याच्या कंडरेतील कॅल्शियमवर हा उपचार करू लागले होते. खडा फुटतो, तर खांद्यातला चुना का फुटू नये, असा तो सरळ तर्क होता.

१४/ तर्क सरळ असला तरी शरीर तितके सरळ नव्हते. कंडरेतील कॅल्शियम दगडासारखे फुटत नाही. ते विरघळून शरीरातच शोषले जाते, आणि पुष्कळदा कोणत्याही उपचाराविनाही जाते. मग तरंग करतो काय? २००३ मध्ये तैवानचे सी. जे. वांग आणि सहकाऱ्यांनी सशांवरील प्रयोगात कंडरा हाडाला मिळते तेथे नव्या रक्तवाहिन्या उगवल्याचे दाखवले. तरंग हातोडा कमी आणि डिवचणारी काडी अधिक, असे चित्र पुढे आले.

१५/ त्याच वर्षी गेर्डेसमायर यांच्या गटाची चाचणी प्रसिद्ध झाली. जर्मनी व ऑस्ट्रियातील १४४ रुग्ण, सर्वांच्या खांद्यात कॅल्शियम. एका गटाला उच्च ऊर्जेचे तरंग, दुसऱ्याला कमी ऊर्जेचे, तिसऱ्याला केवळ उपचाराचा देखावा. सहा महिन्यांनी दोन्ही खरे गट देखाव्याच्या गटापेक्षा सरस ठरले आणि उच्च ऊर्जेचा गट सर्वांत पुढे होता. या उपचाराचा हा सर्वांत भक्कम पुरावा, आणि तो कॅल्शियम असलेल्या खांद्यापुरताच होता.

१६/ पुढे उपचार त्या मर्यादेबाहेर वाहत गेला. कॅल्शियम असो वा नसो, खांदा दुखतो म्हणजे तरंग. यंत्रही बदलले. लहान केंद्रांत प्रामुख्याने ‘रेडियल’ प्रकार आढळतो : दाबलेली हवा नळीतल्या छोट्या गोळीला ढकलते, गोळी टोपीवर आदळते आणि दाबाची लाट त्वचेतून पसरते. ही लाट केंद्रित होत नाही, खोलवर क्षीण होते आणि भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थाने ती आघात-तरंगही नाही. गोळी व लक्ष्याचा फ्रीड्रिक्सहाफेनचा खेळ मात्र तिच्यात पुन्हा दिसतो.

१७/ २०२० मध्ये कॉक्रेन संस्थेने रोटेटर कफच्या विकारांवरील ३२ चाचण्या आणि २,२८१ रुग्णांचा एकत्र आढावा घेतला. निष्कर्ष थंड होता : वेदना व हालचाल यांत रुग्णाला जाणवेल असा लाभ फारसा दिसला नाही. चाचण्यांमधील मात्रा आणि पद्धती इतक्या वेगवेगळ्या होत्या की निवडक रुग्णांना होणारा फायदा त्या सरासरीत झाकला गेला असण्याची शक्यता उरते. पण सर्व खांद्यांवरचे रामबाण औषध ही प्रतिमा मात्र टिकली नाही.

१८/ आता कॉडमन यांचा प्रश्न मोंढ्यात आणून पाहावा : अखेर काय साधले? कार्यालयातील माणसासाठी उत्तर असते, रात्री झोप लागली, हात वर गेला. हमालासाठी ते असते, पुन्हा पोते उचलता आले. उपचाराच्या प्रत्येक फेरीला पैसे पडतात आणि त्या दिवसाची हमाली बुडते. पुढच्या सकाळी खांदा त्याच थप्पीसमोर उभा राहणार असेल, तर तरंगाने दिलेला दिलासा ओझे पुन्हा काढून घेते.

१९/ म्हणून खांद्याचा दुसरा इतिहास महत्त्वाचा ठरतो. बाजारात दीर्घकाळ क्विंटलाचे पोते रूढ होते : एका माणसाच्या अंगावर शंभर किलो. पुण्याच्या नाना पेठेत दवाखाना चालवणाऱ्या बाबा आढाव यांनी हमालांची दुखणी तपासली आणि औषधाच्या पुडीने ती संपणार नाहीत हे ओळखले. १९५० च्या दशकात त्यांनी हमाल पंचायत उभारली. पोत्याचे वजन ५० किलोंवर आणावे ही मागणी त्यांच्या संघटनांनी लावून धरली. निदान वैद्याचे होते, उपचार चळवळीचा.

२०/ कायदा सावकाश आला. १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ३४ इजा होईल इतके ओझे उचलायला लावण्यास मनाई करत होते. पण मोंढा म्हणजे कारखाना नव्हे. १९६९ मध्ये महाराष्ट्राने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी अधिनियम केला आणि मंडळांमार्फत मजुरी व कल्याणनिधीची व्यवस्था उभी राहिली. त्याआधी १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने कमाल ओझ्याविषयी करार केला होता; सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा होती. भारताने तो करार २०१० मध्ये स्वीकारला.

२१/ दोन्ही इतिहास शेजारी ठेवले की एक विसंगती दिसते. थेंबापासून खांद्यापर्यंतचा प्रवास तरंगाने सुमारे तीस वर्षांत पूर्ण केला. पोत्याचे वजन निम्मे करण्याची गोष्ट पटवण्यास मात्र कित्येक दशके लागली. तिला ना प्रयोगशाळा लागत होती, ना यंत्र. यंत्र विकता येते, त्याची पाटी लावता येते. हलके झालेले पोते कोणाच्या पाटीवर येत नाही.

२२/ याचा अर्थ तरंग निरुपयोगी आहे असा नाही. कंडरेत कॅल्शियम असेल, व्यायाम व इतर साधे उपाय करून झाले असतील, तर तो एक उचित पर्याय आहे आणि शस्त्रक्रियेहून सौम्य आहे. पण त्याची जागा रांगेत पुढे नाही. आधी ओझे कमी करणे, मग मुद्गलाच्या तत्त्वाने खांदा हळूहळू बळकट करणे, मग यंत्र.

२३/ जालन्यासाठी २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला मान्यता मिळाली. या जिल्ह्यात खांद्याचे रुग्ण शोधायला दूर जावे लागणार नाही. मोंढ्यातील, जिनिंगमधील, सळयांच्या कारखान्यांतील खांद्यांची वर्षभराने पुन्हा विचारपूस करून नोंद ठेवणारी एक साधी वही तेथे सुरू झाली, तर कॉडमन यांचा जुना हट्ट योग्य ठिकाणी पोहोचेल. कोणता उपचार टिकला आणि कोणते ओझे उतरले, हे त्या वहीत शेजारी-शेजारी वाचता येईल.

(धागा समाप्त)