टोकियोतले रणगाडे आणि रडारवरची भुतं

"अजून कार्टून बघतोस?" शुक्रवारी ऑफिसातून निघताना हा प्रश्न ठरलेला. हल्ली मी वाद घालत नाही. सरळ 'पॅटलेबर २' लावून देतो.

मामोरू ओशी या दिग्दर्शकाचा १९९३ चा सिनेमा. पोस्टरवरून यंत्रमानवांची हाणामारी वाटते, पण ते बिचारे जेमतेम दिसतात. सुरुवातीलाच आग्नेय आशियातल्या जंगलात युनोच्या शांतिसेनेतली एक जपानी तुकडी अडकलीये. समोरून हल्ला होतोय, कमांडर त्सुगे गोळीबाराची परवानगी मागतोय आणि ती मिळत नाही. तुकडी संपते. हा वाचतो.

परवानगी का मिळत नाही? १९४७ साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमात जपानने युद्धाचा हक्कच सोडून दिला. मग १९५४ साली 'स्वसंरक्षण दलं' उभी राहिली. म्हणजे सैन्यच, फक्त सैन्य म्हणायचं नाही! अमेरिकेच्या छत्रीखाली गाडी झकास चालली. पंचाईत झाली १९९१ च्या आखाती युद्धात. जपानने १३ अब्ज डॉलर मोजले, पण लढायला माणूस पाठवला नाही. युद्धानंतर कुवेतने आभाराची जाहिरात दिली, तर त्यात जपानचं नावच नाही. हे फार झोंबलं. जून १९९२ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी जपानी जवान युनोतर्फे कंबोडियात गेले. हातात बंदुका, पण वापरायच्या कधी यावर कडक बंधनं. सिनेमा आला तो पुढच्याच उन्हाळ्यात.

असो. तर परतलेला त्सुगे काय करतो? त्याला सत्ता नकोय. सुखात झोपलेल्या टोकियोला त्याला युद्ध दाखवायचंय. आधी योकोहामाचा पूल उडतो, आणि टीव्हीवरच्या चित्रफितीत हवाई दलाचंच विमान दिसतं. चित्रफितीत फेरफार केलेला असतो, पण ते कळेपर्यंत संशयाने आपलं काम केलेलं असतं. मग हवाई संरक्षणाचं नेटवर्क हॅक होतं. टोकियोकडे निघालेली लढाऊ विमानं रडारवर दिसतात, त्यांना अडवायला खरी विमानं उडतात... आणि आकाशात कुणीच नसतं. पोलीस आणि सैन्य एकमेकांवर डोळे वटारतात, शेवटी बर्फात रस्त्यांवर रणगाडे उभे राहतात. २६ फेब्रुवारी १९३६ ला अशाच बर्फात तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी टोकियोचा मध्यभाग ताब्यात घेतला होता. जपानी प्रेक्षकाला ते वेगळं सांगावं लागत नाही.

रोज चुकीच्या डेटाशी मारामारी करणाऱ्या माझ्यासारख्याला हे पाहून टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. मे २०२५ पर्यंत. भारत-पाक संघर्षाच्या त्या रात्री वाहिन्यांवर कराची बंदर उद्ध्वस्त झाल्याची बातमी आली. मी सोफ्यावर लोळत ती घरच्या ग्रुपवर ढकलली, वर दोन झेंडे. मिनिटभरात मावशीचा फोन. तिचा मुलगा सीमेवर. "नक्की का रे? म्हणजे आता मोठं होणार का सगळं?" बातमी खोटी निघाली. मावशी मात्र रात्रभर जागी होती.

सिनेमात दोन अधिकारी बोटीत बसून बोलतात, तो प्रसंग मला त्यानंतर खरा समजला. आपल्या शांततेची किंमत दूर कुठेतरी कुणीतरी मोजतंय, आणि आपण ते पडद्यावर बघतोय, एवढाच विषय. एकही गोळी नाही, तरी अंगावर येतो.

पुढे वेळ असेल तर 'लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज'. ११० भाग, सुट्टी टाका. सडकी लोकशाही बरी की कर्तबगार सम्राट, यावर कँटीनमध्ये वाद घालणाऱ्यांसाठी खास. त्यातला यांग वेन-ली सेनापती होतो, कारण लष्करी अकादमीत इतिहास फुकट शिकायला मिळतो! आपल्यातले निम्मे असेच कुठल्याशा कारणाने इंजिनिअर झालेत. ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' (१९८८) मात्र रविवारी रात्री नको, सोमवार जातो.

'पॅटलेबर २' साठी पहिला भाग पाहिलेला नसला तरी चालतं. मधला काही भाग संथ आहे, धीर धरा. आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.