मत्स्यालयावरील दिवा : सुरक्षित बसवणी

घरगुती फिशटँकच्या पाण्यावर दिवा टेकवणे, टांगणे किंवा झाकणात बसवणे. प्रकाश किती व कोणत्या रंगाचा असावा, हा निराळा विषय आहे. विजेवर चालणारी वस्तू उघड्या पाण्यावर वर्षानुवर्षे राहणार असल्याने बसवणीच्या दोन अटी ठरतात : दिवा पाण्यात पडू नये, आणि पडलाच तर कोणाच्या जिवावर बेतू नये. दुसरी अट आधी पाळावी. क्लिप कधी ना कधी सैल होते, प्लास्टिक ठिसूळ होते, टँक धुताना कोपर लागते.

पूर्वी टँकवर पत्र्याचे झाकण आणि त्यात 40 किंवा 60 वॅटचा पिवळा बल्ब असे. पुढे चोक लावलेली ट्यूब आली. दोन्हींत 230 व्होल्टचा पुरवठा थेट पाण्यावर यायचा आणि पत्रा गंजला की झाकणातही करंट उतरायचा. आजच्या चांगल्या एलईडी दिव्याचा अडॅप्टर भिंतीजवळ राहतो आणि दिव्यापर्यंत फक्त 12 किंवा 24 व्होल्ट पोचतात. त्यामुळे टँकवरील दिव्यांच्या सुरक्षेत मोठा फरक पडला. मात्र बाजारातले सगळेच एलईडी दिवे तसे नसतात. ज्याची वायर अडॅप्टरशिवाय सरळ दोन पिनांच्या प्लगमध्ये जाते, त्याच्या आत मुख्य पुरवठा खेळतो असेच धरून चालावे. असा दिवा स्वस्त मिळाला तरी टँकवर लावू नये.

दिव्यावरील आयपी क्रमांकाचा दुसरा अंक पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. आयपी20 म्हणजे पाण्यापासून काहीच संरक्षण नाही. आयपी65 पाण्याचा फवारा सोसतो. आयपी67 एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी आत पाणी जात नाही. टँकवर आयपी67 किंवा त्याहून वरचा दिवा घ्यावा. हा क्रमांक दिव्याचा असतो, सोबतच्या अडॅप्टरचा नव्हे.

पाण्यात करंट उतरल्याचे बहुधा दिसत नाही. काच वीजरोधक असल्याने पाण्यातून जमिनीकडे जाणारी वाटच नसते आणि मासे नेहमीसारखे पोहत राहतात. माणूस पाण्यात हात घालतो तेव्हा ती वाट त्याच्या शरीरातून तयार होते. एमसीबी येथे उपयोगी पडत नाही. 6 अँपिअरचा एमसीबी तारांचे रक्षण करतो. माणसाला मारायला त्याच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी प्रवाह पुरतो. म्हणून टँकच्या सॉकेटला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारी कळ, असलीच पाहिजे आणि तिचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. जुन्या चाळींत व वाड्यांत अर्थिंग नसलेली दोन तारांची वायरिंग आढळते. तेथे टँक मांडण्याआधी वायरमनला बोलवावे.

बसवणीचा सर्वांत सोपा प्रकार म्हणजे दोन्ही कडांच्या काचांवर टेकणारे पाय. त्यांखाली रबर असावे. क्लिपचा स्क्रू हाताने आवळावा, पकडीने आवळल्यास काचेच्या कडेची कपची उडते. पायांच्या दिव्याखाली काचेचे झाकण ठेवले की पडण्याचा व शिंतोड्यांचा धोका बराच घटतो, उडी मारणारे मासेही आत राहतात. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग झाकणावर जमून प्रकाश अडवतात, पण पुसण्याचा हा त्रास पत्करण्यासारखा आहे.

टांगलेल्या दिव्याबाबत जास्त काटेकोर राहावे. हुक स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून बसवावा. पीओपीच्या फॉल्स सीलिंगवर भार देऊ नये. 60 सेंटिमीटर लांबीचा दिवा पाण्यापासून 30 सेंटिमीटरवर दोन टोकांना दोन तारांनी टांगला आहे असे समजा. एक तार निसटली तर दिवा दुसऱ्या टोकावर उभा लोंबकळतो आणि त्याचे खालचे टोक पाण्यात 30 सेंटिमीटर बुडते, म्हणजे एक तार शाबूत असूनही दिवा पाण्यात. यावर उपाय म्हणून प्रत्येक टोकाला किंचित सैल अशी दुसरी पोलादी तार वेगळ्या हुकात अडकवतात. विजेच्या वायरवर दिव्याचे वजन कधीही येऊ देऊ नये.

टँकवरून ओघळणारे पाणी वायरच्या कडेने उतरत थेट प्लगपर्यंत जाते. त्यासाठी सॉकेटच्या आधी वायरला झोळ द्यावा. झोळाचा तळ सॉकेटच्या खाली राहिला की थेंब तेथूनच खाली गळतात. एक्स्टेन्शन बोर्ड टँकखाली जमिनीवर पसरून ठेवणे ही घरोघरची सवय फार घातक आहे, कारण पाणी बदलताना नळी निसटली की बादलीभर पाणी नेमके तेथेच सांडते. बोर्ड बाजूच्या भिंतीवर स्क्रूने पक्का करावा.

दिवा पाण्यात पडल्यास तो उचलायला हात घालू नये. आधी कोरड्या हाताने स्विच बंद करून प्लग काढावा. स्विचजवळ पाणी असेल तर मेन बंद करावा. एरवीही टँकमध्ये हात घालण्याआधी दिवा, हीटर, फिल्टर या सर्वांचा पुरवठा तोडावा. समुद्री टँकवर उडालेले शिंतोडे वाळून दिव्याच्या जोडांवर मिठाचा थर धरतात. तो ओलावा ओढतो आणि पितळी संपर्क खातो, म्हणून असे जोड प्लग काढून ओलसर फडक्याने वरचेवर पुसावेत व पूर्ण वाळल्यावरच पुन्हा जोडावेत.