धवलेरीची शाळा

लेखन शिकवता येतं ही कल्पना शहरी कार्यशाळांनी आणली, असं मानलं जातं. जव्हार-मोखाड्यातल्या वारली पाड्यांवर मात्र ती फार जुनी आहे. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने पालघाट देवीचा लग्नचौक काढतात आणि धवलेरी लग्नाची गाणी गाते. ही विद्या पोथीतून येत नाही. जाणत्या बाईमागे सूर धरत, ऐकत ती अंगी मुरते. कथा कुठे लांबवायची, कुठे पालुपदावर आणायची, हे तिथंच कळतं.

कुणी म्हणेल, हे पाठांतर आहे, निर्मिती नव्हे. पण लिखित प्रत नसलेलं गाणं प्रत्येक मांडवात पुन्हा उभं करावं लागतं. गाणं म्हणजे कादंबरी नव्हे, हा आक्षेप जास्त वजनदार, आणि तो मला मान्य आहे: कादंबरी एकट्या माणसाच्या मनात शिरते, धवलेरी साऱ्या पाड्याच्या वतीने बोलते. तरी कान दोघींना लागतोच. कविता महाजन (१९६७–२०१८) यांनी वारली लोकगीतं संकलित केली आणि ‘ब्र’ या कादंबरीत पंचायतीतल्या आदिवासी बायकांना बोलतं केलं. त्या संवादांतला जिवंतपणा अशा ऐकण्यातूनच येतो, असं मला ठामपणे वाटतं. म्हणून इथल्या मराठीच्या वर्गात धवलेरीला शिक्षिकेचा मान आणि मानधन, दोन्ही मिळायला हवं.