किलकारी (मोबाइल संदेश सेवा)

गरोदर स्त्रिया व तान्ह्या मुलांच्या पालकांसाठी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाची मोफत ध्वनिसंदेश सेवा. सुरुवात जानेवारी 2016. महाराष्ट्रात फेब्रुवारी 2024 पासून मराठीत. गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे एकूण 72 संदेश फोनवर येतात. आरोग्यसेविकेने केलेल्या नोंदीतील शेवटच्या पाळीच्या किंवा बाळाच्या जन्माच्या तारखेनुसार संदेश ठरतो, त्यामुळे लसीकरण, स्तनपान, वरचा आहार यांची माहिती नेमक्या वेळी मिळते. स्मार्टफोन लागत नाही, वाचता येण्याचीही गरज नाही. सेवेचे खरे बळ यातच आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांची मुंबईतील ‘अरमान’ संस्था 2019 पासून अंमलबजावणीत सहभागी आहे. तिची ‘एममित्र’ सेवा त्याआधीची, 2014 ची.

किलकारीच्या मध्य प्रदेशातील चाचणीत कुटुंबनियोजनाच्या तात्पुरत्या साधनांचा वापर थोडा वाढला, निव्वळ स्तनपानावर मात्र ठळक परिणाम दिसला नाही.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांधसारख्या तलाव आणि जंगलाच्या परिसरात अशा सेवेपुढील प्रश्न वेगळे आहेत. फोन नवऱ्याच्या खिशात असेल, रेंज नसेल, तर संदेश आईपर्यंत पोहोचत नाही. शिवाय इथल्या घरांतली बोली झाडीबोली किंवा गोंडी. आशाताई आणि अंगणवाडीताईंनी तोच विषय घरी जाऊन घरच्या बोलीत समजावला, तर संदेशाला अर्थ येतो. बाळाशी बोलणे, गाणे, खेळणे या विषयांना संदेशांत आरोग्याच्या सूचनांइतकीच जागा मिळायला हवी.