तारा, केबली व नळ्या यांवरील चिन्हांकन

तारा, केबली व नळ्या तयार होत असतानाच त्यांच्या पृष्ठभागावर उत्पादकाचे नाव, आकारमान, दर्जा, मानक क्रमांक इ. माहिती ठराविक अंतरांवर उमटविण्याची क्रिया. या वस्तू अखंड लांबीत तयार होतात. परंतु तोडून वापरल्या जातात. वेटोळ्यावरील चिठ्ठी पहिला तुकडा तोडताच त्यापासून वेगळी होते. प्रत्येक तुकड्याने स्वतःची ओळख पटवावी, हे चिन्हांकनाचे मूळ प्रयोजन होय.

इतिहास : ही कल्पना विद्युत् केबलींपेक्षा जुनी आहे. अठराव्या शतकात ब्रिटिश आरमाराच्या दोरखंडांत उलट पिळाचा एक वेगळा धागा घालीत. त्यामुळे चोरलेल्या दोराचा तुकडाही ओळखता येई. पुढे केबलींतही ओळखधागा किंवा नाव छापलेली फीत घालण्यात येऊ लागली. प्लॅस्टिकचे आवरण प्रचारात आल्यावर त्यावर कोरीव चाकाने ठसा उठविणे वा शाईने छापणे सोयीचे झाले. मात्र मजकूर बदलावयाचा म्हणजे चाकच बदलावे लागे.

ही अडचण शाईच्या फवाऱ्याने दूर केली. विल्यम टॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) यांनी सागरी तारायंत्राचे संदेश नोंदण्यासाठी १८६७ मध्ये विद्युत् भारित शाई कागदावर सोडणारे उपकरण योजिले होते. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत रिचर्ड स्वीट यांनी आधुनिक पद्धत विकसित केली. तीत शाईच्या धारेचे कंपनाने सारखे थेंब करतात. भारित थेंब विद्युत् क्षेत्रामुळे वळून अक्षरे घडवितात व उरलेले परत टाकीत जातात. वस्तूला स्पर्श होत नसल्याने वेगाने सरकणाऱ्या तारेवरही छपाई होते आणि प्रत्येक मीटरला वाढता आकडा देता येतो. दोन टोकांच्या आकड्यांतील फरकावरून शिल्लक लांबी कळते.

भारतात १९४७ मध्ये भारतीय मानक संस्था स्थापन झाली. १९५२ च्या प्रमाणन चिन्ह अधिनियमाने ‘आयएसआय’ चिन्हास कायद्याचा आधार मिळाला. १९८७ पासून हे कार्य भारतीय मानक ब्यूरोकडे आहे. पुण्यात फिनोलेक्सचा केबल उद्योग १९५८ मध्ये सुरू झाला.

शिरूर व दौंड : पुणे जिल्ह्यातील या तालुक्यांत चिन्हांकनाचे महत्त्व शेतात व कारखान्यात सारखेच प्रत्ययास येते. घोड व भीमा या नद्यांच्या परिसरात पाणी उपसून नळ्यांनी शेतावर नेतात. नळी एकदा जमिनीत गाडली की तिची परीक्षा दाबाखालीच होते. आयएस ४९८५ या मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत पीव्हीसी नळ्यांवरील छपाईचा रंग दाबाच्या वर्गानुसार ठरविलेला होता : ०·४ मेगापास्कलसाठी निळा, ०·६ साठी हिरवा, तर १ साठी पिवळा. अक्षरओळख नसणाऱ्यासही हा भेद कळू शकतो. त्रिकला पंपाच्या केबलीतील लाल, पिवळ्या व निळ्या तारांपैकी दोन अदलाबदल झाल्यास पंप उलटा फिरतो. रांजणगाव (ता. शिरूर) येथील औद्योगिक क्षेत्रात मोटारगाड्या व घरगुती विद्युत् उपकरणे तयार होतात. अशा वस्तूंच्या जोडणीत आणि पुढे दुरुस्तीत रंग व क्रमांक यांवरूनच जुडग्यातील नेमकी तार शोधावी लागते.

चिन्ह हे गुणवत्तेचे आश्वासन असले, तरी ते बनावटही असू शकते. म्हणून प्रमाणन चिन्हासोबतचा परवाना क्रमांक महत्त्वाचा ठरतो. त्यावरून मालाचा कर्ता शोधता येतो आणि गाडलेल्या नळीच्या तुटक्या तुकड्याबद्दलही जाब विचारता येतो.