बोलविता आणि श्रोता : ‘जिन्न’ या अरबी कल्पनेतील एक स्थित्यंतर

अरबी कोशकारांनी ‘ज्-न्-न्’ या त्रिव्यंजनी धातूचा मूलार्थ ‘झाकणे, दृष्टीआड करणे’ असा दिला आहे. गर्भाशयात झाकलेला जीव तो ‘जनीन’, दाट झाडीने आच्छादिलेली बाग ती ‘जन्नत’, आणि डोळ्यांना न दिसणारी योनी ती ‘जिन्न’. जिन्नाने पछाडलेला तो ‘मजनून’. मराठीत प्रेमवेड्याला लावला जाणारा ‘मजनू’ हा शब्द याचाच वंशज होय.

इस्लामपूर्व अरबस्तानात जिन्नाचा संबंध केवळ भयाशी नव्हता. तो वाणीशीही होता. कवीला काव्य सुचते ते त्याच्या जिन्नामुळे, आणि काहिन म्हणजे दैवज्ञ यमकबद्ध गद्यात जे भविष्य सांगतो तेही अदृश्य योनींकडून मिळालेले असते, अशी समजूत होती. म्हणून इ. स. ६१० च्या सुमारास मुहंमद पैगंबरांना साक्षात्कार होऊ लागल्यावर मक्केतील विरोधकांपाशी त्याचा उलगडा तयारच होता. ‘शाइर मजनून’, म्हणजे जिन्नाने झपाटलेला कवी, हा त्यांचा आरोप कुराणातच (३७.३६) नमूद आहे. तो निव्वळ वेडेपणाचा आरोप नव्हे. ही वाणी ईश्वराची की जिन्नाची, हा खरा वाद होता.

कुराणाने जिन्नांचे अस्तित्व नाकारले नाही. त्यांचे स्थान बदलले. ते निर्धूम अग्नीपासून निर्मिलेले (५५.१५) आणि मनुष्याप्रमाणेच ईश्वराच्या उपासनेसाठी जन्मलेले (५१.५६) ठरले. ‘अल्-जिन्न’ या ७२ व्या अध्यायात तर जिन्नांचा एक समूह कुराणपठण ऐकून श्रद्धावान होतो. पूर्वी आकाशातील वार्ता चोरून ऐकण्यास आम्ही बसत असू, आता तेथे ज्वाला टपून असतात, असे ते सांगतात. जो मानवी वाणीचा बोलविता होता, तो येथे तिचा श्रोता झाला. काहिनांच्या अधिकाराचे मूळच त्यामुळे छाटले गेले.

लोकसमजूत मात्र एवढ्याने निमाली नाही. नवव्या शतकात बसऱ्याच्या अल्-जाहिझने ‘किताब अल्-हयवान’ या ग्रंथात, वाळवंटातील दीर्घ एकांतामुळे प्रवाशाला जिन्नांचे भास होतात, अशी मीमांसा नोंदविली. भाषेने तर जुन्या श्रद्धेची दोन्ही अंगे जपली. ‘मजनून’ हा आजही वेड्याचा वाचक आहे. आणि जिन्नांची वस्ती मानल्या गेलेल्या ‘अब्कर’ या स्थळावरून आलेला ‘अब्करी’ हा शब्द अरबीत अलौकिक प्रतिभावंतासाठी योजिला जातो.